सासूबाईंचं हाडांचं इंजेक्शन घरी देताना

पत्र: माझ्या सासूबाई ६९ वर्षांच्या. दिवाळीच्या आधी कळशी उचलताना पाठीत चमक भरली ती राहिलीच. एक्स-रेमध्ये मणका दबलेला निघाला, डेक्सात (हाडांची घनता मोजायच्या तपासणीत) टी-स्कोअर उणे ३.४, म्हणजे हाडं फारच ठिसूळ. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन लिहून दिलंय, रोज एक, पोटावर, पेनाने. नर्सबाईंनी एकदा दाखवलं, आता मीच देते. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन दिल्यावर त्या लगेच उठल्या आणि भोवळ येऊन कॉटवर बसल्या. सासऱ्यांचं इन्शुलिनही त्याच फ्रिजमध्ये असतं. पेन महाग आहे आणि महिना संपल्यावर आत औषध उरणार असं दिसतंय, ते पुढे वापरलं तर चालेल का? ओळखीचे एक कंपाउंडर म्हणतात, "इन्शुलिनच्या सिरिंजने काढून देतो, पेनाच्या सुया कशाला विकत घेता?" शेजारच्या काकूंना सहा महिन्यांतून एकच इंजेक्शन आहे, त्या म्हणतात रोजच्याने हाडांचा कॅन्सर होतो. दुखणं थांबलं की हे बंद करता येईल का?
एक सून, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर:

ताई, दोन गोष्टी आजच करा, बाकीचं सावकाश वाचा.

पहिली गोष्ट फ्रिजची. सासऱ्यांचं इन्शुलिन आणि सासूबाईंचं पेन एका कप्प्यात, एका डब्यात ठेवू नका. दोन्ही पेनं हातात सारखीच लागतात, आणि घाईत, कमी उजेडात गल्लत होते. सासूबाईंना चुकून इन्शुलिन गेलं तर साखर एकदम उतरेल, आणि त्या झोपलेल्या असतील तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्यांच्या पेनाला ठळक रंगाची चिकटपट्टी गुंडाळा, वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि सुई लावण्याआधी रोज लेबलवरचं नाव मोठ्याने वाचा. चूक झालीच तर साखर-पाणी द्या, ग्लुकोमीटरने साखर बघा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. गुंगी असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याला कधीच वापरायचं नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट भोवळीची. या औषधाने काही जणांच्या रक्तवाहिन्या थोडा वेळ सैल पडतात, त्यामुळे माणूस झटकन उभं राहिलं की रक्तदाब घसरतो. हे बहुतेक पहिल्या काही डोसांत होतं, डोसनंतर चार तासांच्या आत होतं, आणि आडवं पडलं की जातं. भोवळीपेक्षा भीती पडण्याची आहे, कारण एक मणका आधीच दबलेला आहे. म्हणून जेवण झालं, बाथरूमला जाऊन आल्या, औषधं घेतली, की मगच कॉटवर बसवून इंजेक्शन द्या आणि तशाच आडव्या होऊ द्या. रात्री उठायची वेळ आली तर आधी कडेला दोन-तीन मिनिटं बसायचं, कुणाला तरी हाक मारायची, मगच पाय टाकायचा. कॉटपासून बाथरूमपर्यंत एक छोटा दिवा चालू ठेवा. बीपीची गोळी त्या रात्रीच घेत असतील तर दोन्हींची वेळ लांब ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बदलू नका. शुद्ध हरपली, किंवा आठवडा-दहा दिवसांनंतरही भोवळ येत राहिली, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आता हे औषध म्हणजे काय ते. गल्लीत याला "कॅल्शियमचं इंजेक्शन" म्हणतात, पण यात कॅल्शियम नाही. आपल्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाचा हा पहिला ३४ अमिनो आम्लांचा तुकडा आहे. गंमत अशी की हेच संप्रेरक शरीरात सतत वाढलेलं राहिलं तर हाडं पोखरतं, आणि दिवसातून एकदाच, थोड्या वेळापुरतं गेलं तर हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतं. सगळा फरक या एकदाच्या ठोक्याचा आहे. त्यामुळे डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊन भरपाई होत नाही. त्याच दिवशी आठवलं तर द्या. दिवस उलटला असेल तर सोडून द्या आणि नेहमीच्या वेळेला एकच द्या.

डोस २० मायक्रोग्रॅम. औषधाची तीव्रता बहुतेक पेनांत एका मिलीलिटरला २५० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे एका वेळी जातं ते ०.०८ मिली, दोन थेंबांपेक्षाही कमी. एवढ्याशा मापात चूक किती सोपी असते ते कंपाउंडरसाहेबांच्या सल्ल्यावरून बघा. ०.०८ मिली म्हणजे नारिंगी टोपणाच्या यू-१०० सिरिंजवर (एका मिलीला १०० युनिट) ८ युनिट, पण लाल टोपणाच्या यू-४० सिरिंजवर (एका मिलीला ४० युनिट) ३.२ युनिट, जे डोळ्यांनी नीट मोजताच येत नाहीत. कुणी सवयीने यू-४० वर ८ युनिट भरले तर २० ऐवजी ५० मायक्रोग्रॅम जातात, अडीचपट. मळमळ, उलटी, भोवळ, डोकं दुखणं, कॅल्शियम वाढणं, सगळं त्यातून येतं. औषध पेनातून सिरिंजमध्ये काढायचंच नाही. आणि कार्ट्रिज (औषधाची नळी) बदलून वापरायचं पेन असेल तर त्याच कंपनीने दिलेलंच पेन हवं. इन्शुलिनच्या पेनात हे कार्ट्रिज बसतंय असं वाटलं तरी बसवायचं नाही, कारण तिथलं माप वेगळं आहे. पेनाच्या सुयांवर वाचवण्यासारखं काही नाही.

इंजेक्शन देताना हात साबणाने धुवा. पेन उजेडाकडे धरून बघा: औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं. गढूळ, रंग आलेलं, कण तरंगणारं असेल तर वापरू नका. नवी सुई सरळ धरून फिरवत लावा. तिरकी बसली की आतलं टोक वाकतं आणि औषध पुढे सरकत नाही. सुई घट्ट लागली तरी बटण दाबलं जात नसेल तर जोर लावू नका, सुई बदलून बघा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. नव्या पेनातली हवा काढायची का आणि डोस कसा लावायचा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. डब्यातलं माहितीपत्रक टाकून देऊ नका, फ्रिजच्या दारावर चिकटवा.

जागा पोटाची किंवा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूची. बेंबीपासून दोन इंच तरी लांब, रोज जागा बदलून: आज उजवीकडे, उद्या डावीकडे, परवा मांडी. स्पिरिटचा बोळा फिरवला तर जागा वाळू द्या, ओल्या जागेवर टोचलं की झोंबतं. साडीवरून, परकरावरून टोचू नका. सासूबाई किरकोळ अंगाच्या असतील तर कातडीची चिमूट धरा आणि ४ किंवा ५ मिलिमीटरची बारीक सुई घ्या, सरळ आत जाऊ द्या. बटण पूर्ण दाबा, दाबलेलंच ठेवा आणि माहितीपत्रकात लिहिलंय तितकं, म्हणजे पाच ते दहा अंकांपर्यंत, सावकाश मोजून मग सुई बाहेर काढा. घाई केली तर औषध कातडीवर ओघळतं. सुईच्या टोकाला एखादा बारीक थेंब दिसला तर काही बिघडत नाही. डोस पूर्ण गेला की नाही अशी शंका आली तरी पुन्हा टोचू नका, दुसऱ्या दिवशीच पुढचा डोस. टोचल्या जागी थोडं लाल होणं, खाजणं, निळसर डाग हे चालतं, चोळू नका.

मग सुई काढून टाका. आळसाने ती पेनावरच राहते, आणि घोळ तिथून सुरू होतो: औषध गळतं, आत हवा शिरते, टोकाशी औषध सुकून सुई बुजते आणि जंतूंना वाट मिळते. मोठं बाहेरचं टोपण लावून सुई फिरवून काढा, पेनाचं टोपण लावा, पेन लगेच फ्रिजमध्ये. काढलेली सुई फिनेलच्या किंवा डिटर्जंटच्या जाड प्लास्टिक बाटलीत टाका, बूच घट्ट लावा, वर "सुया" असं मोठं लिहा. बाटली पाऊण भरली की दवाखान्यात किंवा जिथे रक्त तपासता त्या लॅबमध्ये विचारून तिथल्या सुयांच्या कचऱ्यात द्या. घंटागाडीत कधीच नाही. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाच्या बोटात ती सुई जाते.

फ्रिजबद्दल. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिलं पाहिजे, आणि गोठलेलं अजिबात चालत नाही. एकदा गोठून वितळलं की दिसायला तसंच दिसतं, पण टाकून द्यायचं. एका दाराचा जुना फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्याखालचा चिल ट्रे टाळा, मागच्या भिंतीला पेन टेकू देऊ नका. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला ठेवा. दारात ठेवलं तर दिवसभर उघडझाप होते. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडपणा धरून ठेवतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखी वेळ आली, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं आणि घर सोडावं लागलं, तर पेन, सुया, प्रिस्क्रिप्शन आणि जेलचे गारपॅक एका थर्मासच्या डब्यात घालून बरोबर घ्या. गारपॅक रुमालात गुंडाळा, पेनाला थेट लागू देऊ नका, नाहीतर तिथेच गोठेल. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जातानाही हीच पद्धत, आणि डबा हातातल्या पिशवीत. पेन फार वेळ उबेत राहिलं असेल तर अंदाजाने वापरू नका. किती वेळ राहिलं ते सांगून डब्यावरच्या कंपनीच्या नंबरवर विचारा.

मेडिकलमधूनही पेन गारपॅकमध्येच घ्या, आणि बिलावर बॅच व एक्स्पायरी उतरवून घ्या. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत पेन टाकून आणखी दोन कामं उरकू नका. पुढचं पेन आधीचं संपायच्या चार दिवस आधी आणून ठेवा.

उरलेल्या औषधाचं उत्तर सरळ नाही असं आहे. २.४ मिलीच्या पेनात ६०० मायक्रोग्रॅम असतात, २८ डोसांना ५६० लागतात, म्हणजे ४० उरणारच; ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये त्याहून जास्त उरतं. ते तुमच्यासाठी शिल्लक ठेवलेलं नसतं. पहिल्यांदा टोचल्यापासून २८ दिवसांनी, आत कितीही दिसलं तरी, पेन टाकायचं. रोज सुईने भोसकलेलं रबर आणि महिनाभर उघडझाप झालेलं औषध यांचा त्यापुढे भरवसा नाही. पेनावर मार्करने दोन तारखा लिहा: सुरू आणि शेवट. ३ जुलैला उघडलं तर शेवटचा डोस ३० जुलैला, ३१ पासून नवं. खर्च खरंच झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण पर्यायी औषधं आहेत. एक दिवसाआड देऊन पेन पुरवणं हा पर्याय नाही.

काकूंचं सहा महिन्यांचं इंजेक्शन बहुधा डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम. ते हाडाची झीज थांबवतं. सासूबाईंचं इंजेक्शन नवं हाड बांधतं. मणका दबला आहे आणि टी-स्कोअर उणे ३.४ आहे अशा वेळी डॉक्टर बांधणाऱ्या औषधाने सुरुवात का करतात, हे यावरून समजेल. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या १६३७ स्त्रियांवरच्या चाचणीत २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत मणक्याचे नवे फ्रॅक्चर ६५ टक्क्यांनी कमी आढळले. काकूंनाही एक निरोप द्या: त्यांची सहा महिन्यांची तारीख लांबवायची नाही. ते इंजेक्शन मध्येच सुटलं तर झीज उसळी मारते आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्या औषधाने कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं, म्हणून आधी रक्त तपासावं लागतं.

कॅन्सरची भीती कुठून आली तेही सांगतो. उंदरांना जवळजवळ आयुष्यभर मोठे डोस दिले तेव्हा काहींना हाडांचा कॅन्सर झाला. म्हणून २००२ साली अमेरिकेत मान्यता देताना औषधावर ठळक इशारा छापला गेला. पुढे माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवूनही धोका वाढल्याचं दिसलं नाही, आणि २०२० मध्ये तो इशारा काढला गेला. तरी ज्यांना हाडाचा कॅन्सर आहे किंवा होऊन गेलाय, दुसरीकडचा कॅन्सर हाडात पसरलाय, हाडांना किरणोपचार दिलेत, पॅजेटचा आजार (हाडं वेडीवाकडी वाढण्याचा) आहे किंवा रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज कारण न कळता वाढलंय, त्यांना हे देत नाहीत. कॅल्शियम किंवा पॅराथायरॉइड वाढलेलं असेल तरी नाही. अलीकडे मुतखडा झालेला असेल किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर जपून. यातलं काही सासूबाईंना असेल आणि सांगायचं राहिलं असेल तर उद्याच डॉक्टरांना फोन करा.

रक्ततपासणीत एक बारकावा हमखास चुकतो. डोसनंतर चार ते सहा तासांत रक्तातलं कॅल्शियम थोडं वर जातं आणि मग उतरतं, म्हणून रक्त डोसनंतर किमान १६ तासांनी द्यायचं. तुम्ही रात्री नऊला इंजेक्शन देत असाल तर सकाळी आठला लॅबवाला आला की ११ तासच झालेले असतात. दुपारी एकनंतर, त्या रात्रीच्या डोसच्या आधी रक्त द्या, आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते कागदावर लिहा. भूक मरणं, सतत मळमळ, घट्ट बद्धकोष्ठता, गळून गेल्यासारखं वाटणं ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणं असू शकतात. तेव्हा तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. पायात गोळे येणं मात्र या औषधाने काहींना होतंच.

याच कारणासाठी कुणाच्या सांगण्यावरून सहा लाख युनिटचं ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन वर टोचून घेऊ नका. ड जीवनसत्त्व लागतं, पण रक्तातली पातळी बघून डॉक्टर लिहितील तेवढंच. कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम. गोळीवर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं. ती जेवणाबरोबर घ्यावी, आणि थायरॉइडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, म्हणजे नाचणीची भाकरी आणि दोन कप दूध ही चांगली सुरुवात. पाया सूप आणि पांढरा रस्सा आवडत असेल तर जरूर घ्या, पण हाडं उकळलेल्या पाण्यात कॅल्शियम फारच थोडं उतरतं. त्याच्या जोरावर गोळी बंद करू नका. सासूबाई मशेरी लावत असतील तर ती सोडायला लावा, तंबाखू हाडांचा वैरी आहे. कळशी, हंडा, धान्याचा डबा, नातवंड, वाकून काहीच उचलायचं नाही. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ घासून काढा आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा.

दुखणं थांबलं म्हणून बंद करायचं का, याचं उत्तर सगळ्यात लक्षात ठेवा. दुखणं काही आठवड्यांत उतरेल, हाड बांधायला महिने लागतात. कोर्स साधारण १८ ते २४ महिन्यांचा असतो, कमी-जास्त डॉक्टर ठरवतील. आणि तो संपला की लगेच झीज थांबवणारं दुसरं औषध सुरू व्हावं लागतं: आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी, किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, किंवा काकूंचं इंजेक्शन. मध्ये रिकामे महिने गेले तर बांधलेलं हाड झिजायला लागतं, आणि एवढ्या महागाच्या पेनांचा उपयोग हातचा जातो. या पुढच्या औषधांत क्वचित जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा त्रास होतो, म्हणून सासूबाईंचा हलणारा, किडलेला दात असेल तर तो आत्ता, रोजची इंजेक्शनं चालू असतानाच, दाताच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. आणि पंधराव्या-सोळाव्या महिन्याच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "यानंतर काय, आणि कोणत्या तारखेला?" उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.